दुखण्याचा फोटो

धाकट्या भावाचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा इथे कॅनडात, मिसिसॉगात सकाळचे सात वाजले होते. मी ओट्याला टेकून उभ्यानंच चहा घेत होते. गेली नऊ वर्षं मी चहा उभ्यानंच घेते. दारातल्या बर्फावरून पाय सटकला आणि पायरीच्या कडेवर बसकण मारली, माकडहाडावर. एक्स-रे साफ आला, एमआरआयही साफ. डॉक्टर म्हणाले, "काही नाही." गाडीत येऊन मी रडले. काही निघालं असतं तर निदान दाखवता तरी आलं असतं.

भाऊ जिल्हा परिषदेचा शिक्षक. त्याची शाळा कांदाटी खोऱ्यात, कोयनेच्या पाण्यापलीकडे, लाँचनं जायचं. बदल्यांमध्ये दिव्यांग शिक्षकांना प्राधान्य मिळतं, ते मिळायलाच हवं. पण काहींनी बनावट प्रमाणपत्रं आणून घराजवळच्या शाळा पटकावल्या, हा त्याचा संताप. तो खोटा नाही. 2024 साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रांवरून गदारोळ झाला, तेव्हापासून तिकडे पडताळणी हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. तो म्हणाला, "ताई, कंबर दुखते असं कोणीही सांगेल. आता मेंदूच्या स्कॅनमध्ये दुखणं दिसतं म्हणे. घाला एकेकाला मशीनमध्ये."

मशीनमध्ये काय दिसतं, हे मी आशेनं वाचत आले आहे. 2013 साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या टोर वेजर यांच्या गटानं धडधाकट माणसांच्या हाताला गरम चटके देऊन एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम चालू असतानाचे स्कॅन, काढले. चटका कोणता आणि नुसती ऊब कोणती, हे मेंदूतल्या रक्तप्रवाहाच्या नमुन्यावरून 94 टक्के अचूक ओळखता आलं. मोठं काम आहे. पण ते दुखणं बटण दाबलं की सुरू आणि सोडलं की बंद. माझं दुखणं बंदच होत नाही, मग तुलना कशाशी करायची? शिवाय 2016 साली जन्मापासून वेदनाच न जाणवणाऱ्या दोन माणसांचे स्कॅन झाले. टोचल्यावर त्यांच्या मेंदूतही तेच भाग उजळले, जे दुखण्याचे म्हणून सांगितले जातात.

इथल्याच टोरांटोच्या कॅरेन डेव्हिस यांच्या पुढाकारानं जागतिक वेदना संघटनेच्या तज्ज्ञगटानं 2017 साली सांगितलं की, जुनाट दुखणं खरं की खोटं हे ठरवायला मेंदूचा स्कॅन वापरू नये, कोर्टात तर नाहीच. उपचार शोधायला वापरा. ते मला मनापासून पटतं. 2023 साली कॅलिफोर्नियात चार रुग्णांच्या मेंदूत तारा बसवून त्यांच्या दुखण्याचे चढउतार कित्येक महिने टिपले. त्यातून उद्या कुणाला आराम पडेल. पण तिथंसुद्धा आता किती दुखतंय, हे आधी रुग्णालाच विचारावं लागलं. मशीन शिकलं ते त्याच्या उत्तरावरून.

भावाला मी पुण्याची आठवण करून दिली. 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयानं खुनाच्या खटल्यात, आरोपीला गुन्हा आठवतो का हे ओळखण्यासाठी केलेल्या मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा सुनावली होती. जगभर चर्चा झाली. 2010 साली सर्वोच्च न्यायालयानं अशा चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असं बजावलं. यंत्राच्या कागदावर लगेच विश्वास टाकायची घाई आपण एकदा करून बसलो आहोत.

कॅनडात सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. नोव्हा स्कोशिया प्रांताच्या कायद्यानं जुनाट दुखणं असलेल्या कामगारांना नेहमीच्या भरपाईतून वगळलं होतं. 2003 साली इथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद रद्द केली. तपासण्यांत काही सापडत नसलं तरी या माणसांचा त्रास आणि अपंगत्व खरं आहे, असं निकालात लिहिलं. तो निकाल मी छापून ठेवला आहे. तरीही माझ्या विमा कंपनीची बाई दर खेपेला पुरावा मागते. उद्या स्कॅन स्वस्त झाला की तो सक्तीचा होईल आणि ज्याच्या मेंदूत नेमका नमुना उमटणार नाही त्याला सोंगाड्या ठरवतील, ही माझी भीती आहे.

आपल्याकडे तर आणखी एक पेच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात जुनाट दुखणं वेगळं धरलेलंच नाही. म्हणजे लबाड माणूस दुसऱ्याच कशाचं तरी प्रमाणपत्र आणतो आणि आमच्या शेजारच्या काकूंसारखी बाई दुखणं अंगावर काढत भाकऱ्या थापत राहते. बनावट प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या डॉक्टरला धरा, त्यासाठी कुणाचा मेंदू उघडून बघायला नको.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 साली दुखण्याची 78 विशेषणं गोळा करून प्रश्नावली केली. रुग्णानं आपापले शब्द निवडायचे. आपल्याकडे तर ठणका, कळ, चमक, रग, भगभग, ठसठस असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचं दुखणं निराळं. दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढच्या फॉर्मात एक रकाना त्यासाठी का असू नये?

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुझं काय असतं गं, नेमकं?" नऊ वर्षांत त्यानं पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं, बसलं की ठसठस आणि उठताना कळ, थेट मानेपर्यंत. पुढच्या महिन्यात विमा कंपनीकडे माझी फेरतपासणी आहे. पुराव्याच्या रकान्यात मी हेच दोन शब्द लिहिले आहेत, आणि खाली इंग्रजीत त्यांचा अर्थ.