शेंगदाणे-भाकरी बंद करून बिस्किटं द्या, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. लिहिणाऱ्याचं नाव नसतं, खाली जोडलेले हात असतात. मजकूर थोडक्यात असा: शाळेतून आल्यावर मुलांना पोटभर काही देऊ नका, रात्रीचं जेवण जात नाही. शेंगदाणे-गूळ तर मुळीच नको, पित्त होतं आणि चरबी वाढते. ज्वारीच्या भाकरीत ताकद नसते. त्यापेक्षा दुधात उंची वाढवणारी पावडर घाला आणि सोबत चार बिस्किटं द्या. नोकरीवाल्या आईला तेवढंच जमतं.

मी परभणी जिल्ह्यात शाळेवर शिकवते. डब्यात शेंगदाणे आणि टोपल्यात भाकरी असताना लेकराच्या हातावर दहा रुपये ठेवून त्याला दुकानात पाठवणारी घरं मी रोज बघते. त्या आयांना लेकराचं भलंच करायचं असतं. म्हणूनच हा मेसेज नुसता डिलीट करून भागत नाही, एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा, रात्रीची भूक मरते. शाळेतली खिचडी लेकरं दुपारी एक-दीडला खातात. पाचला शाळा सुटते आणि आपल्याकडे रात्रीचं ताट वाढेपर्यंत साडेआठ-नऊ वाजतात. मधले सात-आठ तास खेळणाऱ्या, वाढत्या अंगाच्या पोरानं कशावर काढायचे? भूक मरते ती सात-साडेसातला खाल्लेल्या कुरकुऱ्यांनी आणि जेवणाआधी प्यायलेल्या गोड दुधानं. पाच-सव्वापाचला खाल्लेलं नऊपर्यंत जिरतं. वेळ पाळा, खायला द्या.

आता शेंगदाणे. मला सगळ्यात जास्त राग या मुद्द्याचा आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. लेकराच्या दोन मुठी, म्हणजे साधारण ३० ग्रॅम दाणे धरले, तर ७ ग्रॅम झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा एका खाऊत मिळाला, तोही घरच्या किंवा आठवडी बाजारातल्या शेंगांतून. चरबी असते, बरोबर आहे. पण ती बहुतांशी असंपृक्त, म्हणजे शरीराला मानवणारी असते, आणि दिवसभर धावणाऱ्या पोराला ती लागतेच. आपल्या भागातल्या किती लेकरांच्या अंगावर फाजील चरबी आहे? माझ्या वर्गात तरी बरगड्या मोजता येतील अशीच जास्त.

पित्ताचं म्हणाल, तर उपाशीपोटी ओंजळीच्या ओंजळी खाल्ल्या की जड वाटतं, तेलात तळलेल्या दाण्यांनी जळजळतंही. उपाय म्हणजे भाजलेले दाणे, दोन मुठी, सोबत पाणी. शेंगदाण्याबद्दल खरी काळजी घ्यायची ती वेगळीच, आणि मेसेजमध्ये तिच्याबद्दल अक्षरही नाही. पावसाळ्यात दमट जागी ठेवलेल्या दाण्यांना बुरशी लागते आणि काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक असतं आणि भाजल्यानंही पुरतं जात नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेले, कडवट लागणारे दाणे निवडून फेकायचे. धुऊन, वाळवून वापरायचे नाहीत. दुसरी गोष्ट, चार-पाच वर्षांखालच्या लेकराच्या हातात अख्खा दाणा द्यायचा नाही, घशात अडकतो. त्याला कूट करून भाकरीत, नाहीतर लाडू करून द्यावा. दाणे खाल्ल्यावर एखाद्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर लगेच दवाखाना गाठायचा. अशी लेकरं थोडी, पण असतात.

गुळाच्या बाबतीत मात्र मला मेसेजच्या विरोधकांशीही बोलायचं आहे. ‘गुळात भरपूर लोह असतं, कितीही खाऊ द्या’ असं उत्तर ग्रुपवर लगेच येतं. १०० ग्रॅम गुळात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. लेकरू खाणार १० ग्रॅमचा खडा, म्हणजे मिळालं अर्धा मिलिग्रॅम. ७ ते ९ वर्षांच्या मुलाची रोजची गरज १५ मिलिग्रॅम. उलट त्या खड्यात आठ-साडेआठ ग्रॅम साखरच गेली. दाण्यांसोबत चवीपुरता गूळ द्यावा, औषध म्हणून नव्हे.

ज्वारीत ताकद नाही हे मराठवाड्यात बसून कुणी लिहावं, याचं नवल वाटतं. १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, तेवढाच चोथा आणि ४ मिलिग्रॅमच्या घरात लोह असतं. बिस्किटाच्या मैद्यात चोथा ३ ग्रॅमही नसतो आणि लोह २ मिलिग्रॅमच्या आत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण आणला. या धान्यातून लेकराबाळांचं पोषण वाढवता येतं, हे आपल्याच जिल्ह्यात शास्त्रज्ञांनी करून दाखवलं आहे. रेशनवर बहुतेक वेळा गहू-तांदूळ मिळतो आणि ज्वारी पदरच्या पैशानं घ्यावी लागते, म्हणून ती ताटातून कमी झाली. ताकद नाही म्हणून नव्हे.

ज्वारीत एक उणीव आहे, ती सांगायलाच हवी. लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक तिच्यात कमी पडतो. हरभऱ्यात आणि दह्यात तो भरपूर असतो. आता धपाट्यात काय काय पडतं ते बघा. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, मूठभर कणीक, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा, हळद, मीठ, भरपूर चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर. भिजवायचं दह्यात. ओल्या फडक्यावर गोळा थापायचा, मधोमध बोटानं भोक पाडायचं, फडकं तव्यावर उलटं टाकून अलगद सोडवायचं आणि भोकात थेंबभर तेल सोडायचं. ज्वारीचं कमी पडलेलं बेसन-दही भरून काढतं. सकाळी भाकरी करतानाच चार धपाटे जास्तीचे थापले तर संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. सोबत दही नाहीतर शेंगदाण्याची चटणी. चटणी लेकरांसाठी वेगळी काढून तिखट कमी ठेवलं की झालं.

सकाळची भाकरी उरली असेल तर ती कुस्करून कांदा, दाण्याचं कूट, थोडं तेल-मीठ आणि लिंबू घालावं. याला तर गॅसही लागत नाही.

पावडर आणि बिस्किटं. दुधाला माझा काहीच विरोध नाही, मिळत असेल तर रोज द्यावं. पण उंची वाढते ती आईबापांकडून आलेल्या ठेवणीवर, वर्षानुवर्षांच्या पुरेशा जेवणावर, झोपेवर आणि वारंवार आजारी न पडण्यावर. कुठल्याही एका डब्यातून ती येत नाही. त्या डब्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा. कित्येक पावडरींत १०० ग्रॅमला ३० ग्रॅमहून जास्त साखर असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या गटातून काढायला सांगितलं, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात असा गटच नाही. ग्लुकोज बिस्किटांचा पुडा उलटा करा, १०० ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम साखर दिसेल. पोट भरल्यासारखं होतं आणि तासाभरात लेकरू पुन्हा डबे उघडायला लागतं.

त्यातही खरं सांगायचं, तर आपल्याकडे बिस्किटं दुधासोबत कमीच खाल्ली जातात. ती बुडतात चहात. पाचला चहा ठेवला की लेकरालाही बशीत ओतून दिला जातो, सोबत खारी नाहीतर टोस्ट. चहातले घटक अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे जवळपास ६९ मुलांत रक्त कमी आढळलं. हीच लेकरं पुढं आमच्या वर्गात येऊन बसतात. त्यांना चहा नकोच. त्याऐवजी लिंबू पिळलेली मटकीची उसळ, पेरू, आवळा, मोसंबीच्या फोडी द्या. क जीवनसत्त्व सोबत असलं की धान्य-कडधान्यातलं लोह जास्त अंगी लागतं. जालन्याची मोसंबी, बीडकडचं सीताफळ, हिवाळ्यात ओला हरभरा, हुरडा, बोरं: ज्या ऋतूत जे स्वस्त असेल ते घ्यावं.

शेवटी वेळेचा मुद्दा. कामावरून थकून आलेल्या बाईला धपाटे थाप असं मी म्हणणार नाही. पण फुटाणे आणि केळं द्यायला शून्य मिनिटं लागतात. अंडं दहा मिनिटांत उकडतं आणि त्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात. सुशीला, म्हणजे फोडणीचे ओले मुरमुरे, तीही तेवढ्याच वेळात होते. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून घ्यायचे, जास्त वेळ ठेवले तर लगदा होतो. तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता, मिरची, मूठभर शेंगदाणे, मग कांदा आणि हळद. मुरमुरे घालून परतायचे आणि वरून डाळ्याचं पीठ भुरभुरायचं. हे पीठ बऱ्याच घरांत आता वगळलं जातं, ते वगळू नका. मुरमुऱ्यांत पिष्टाखेरीज फारसं काही नसतं. जोर आहे तो दाण्यांत आणि या पिठात. उतरवल्यावर लिंबू पिळायचं.

आणि हे आईनंच करायला हवं असंही नाही. घरी आधी पोहोचणाऱ्या बापाला जमतं, आजोबांना जमतं. सातवीतला मुलगा मुरमुरे भिजवून, कांदा चिरून तयारी करून ठेवू शकतो. फोडणीच्या वेळी मात्र मोठं माणूस जवळ असू द्या.