खुलासा: मोबाइलवर आवाजाचा प्रोग्रॅम चालतो

‘मोबाइलवर कोड लिहून चित्र हलवता येतं, पण आवाज काढता येत नाही, त्यासाठी लॅपटॉपच हवा’ असा संदेश विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. हे चुकीचं आहे, आणि लॅपटॉप नसलेली मुलं यामुळे शिकणंच सोडून देतात, म्हणून हा खुलासा.

पी-फाइव्ह जेएस ही मोफत लायब्ररी, म्हणजे चित्र-आवाजासाठी आधीच लिहून ठेवलेल्या कोडचा संच, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालते. तिच्यात वर्तुळ काढता येतं तसाच ४४० हर्ट्झचा सूरही वाजवता येतो. मग आवाज येत का नाही? स्क्रीनला बोट लागेपर्यंत ब्राउझर आवाज मुद्दाम अडवून ठेवतो, कारण पान उघडताच जाहिराती बोंबलू नयेत. क्रोमने वेब ऑडिओला, म्हणजे ब्राउझरमधून कोडने आवाज काढायच्या सोयीला, हा नियम डिसेंबर २०१८ मध्ये लावला. कोड बरोबर असतो, एररही दिसत नाही, आणि नवशिक्याला वाटतं फोनच कुचकामी. उपाय सोपा आहे: सूर सुरू करणारी ओळ सेटअपमध्ये (प्रोग्रॅम सुरू होताच आपोआप चालणाऱ्या भागात) न लिहिता माउसप्रेस्ड फंक्शनमध्ये (बोट लावल्यावर चालणाऱ्या भागात) लिहा आणि स्क्रीनला बोट लावा. आयफोन सायलेंटवर नाही ना, तेही बघा.

संदेशातला थोडा भाग खरा आहे. अँड्रॉइड ॲप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओ या सॉफ्टवेअरला संगणक लागतो, आणि फोनच्या छोट्या कीबोर्डवर कोडला लागणारे महिरपी कंस शोधताना जीव मेटाकुटीला येतो. पण सुरुवात हातातल्या फोनवर आजच करता येते.