दिवसाचा चांद अन् अकरा कप चहा

आमच्याकडे ओलितासाठी लाईन, म्हणजे वीज, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. संकष्टीच्या दिवशी माझ्या नशिबी रात्रीची आली. हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलता बदलता कानात पाणी, बुटात चिखल. साडेसातला घराकडे निघालो, तर मागं तुरीवर सूर्य आलेला अन् समोर बाभळीच्या शेंड्यावर चंद्र! फिक्कट, काठ कुरतडलेल्या पापडासारखा.

माय अंगणात होती. तिला दाखवला. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं अन् भडकलीच. "रात्री 9 वाजेपर्यंत उपाशी ठेवलं मले यानं! अन् आता घरी जायले तयार नाई!"

इथंच थांबायला हवं होतं. पण मी चहाच्या टपरीवर जाऊन बोललो.

"काऊन भाऊ, मोहाची घेतली होती का?"

मग मला मास्तरकीचा झटका आला. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून पौर्णिमेनंतर तो सकाळी मागं रेंगाळतो, असं समजावलं. "म्हंजे आपल्या लाईनसारखाच," कुणीतरी म्हणालं, अन् माझं सगळं खगोलशास्त्र त्या हशात बुडालं. चिडून पैज लावली: सकाळी चंद्र दाखवतो, नाहीतर सगळ्यांचा चहा माझ्याकडून. सगळ्यांची कापूस विकायची घाई, म्हणून रविवार ठरला. नऊ दिवसांनी.

तिथी कोण पाहतो? मीही नाही पाहिली. त्या रविवारी निघाली चतुर्दशी, म्हणजे अमावस्या तोंडावर. चंद्राची बारीक कोर सूर्याला चिकटून, सगळ्या लखलखाटात हरवलेली. अकरा माणसं बांधावर माना वर करून उभी. एकाला घार दिसली. दुसऱ्यानं मला विचारलं, "भाऊ, तुमाले आत्ता दिसून रायला का?" अकरा कप चहाचे पैसे मी दिले. बिस्किटं पैजेत नव्हती, तरी तीही खाल्ली.

त्यानंतर आकाशाकडं पाहणंच सोडलं. नऊ दिवसांनी, शुद्ध अष्टमीला, दुपारी 4 वाजता टपरीवाला रस्त्यात ओरडायला लागला, "अरे पाहा, दिवसा चांद!" पूर्वेला अर्धा चंद्र, पश्चिमेकडं कललेला सूर्य, अन् चंद्राची उजळ बाजू बरोबर सूर्याकडं. तेच अकराजण तोंड वासून उभे.

"मी काय सांगत होतो?" मी म्हणालो.

"तुमी तर सकाळचा म्हनत होते, भाऊ. हा दुपारचा आहे."