‘आधी वळण, मग उपचार’ हा क्रम उलटा आहे

पंधरा वर्षांचं पोर उलट बोलतं, दार आपटतं, शाळा बुडवतं. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, माज आहे, उतरवलाच पाहिजे; आधी वळण लावू, उपचाराचं मग बघू. दुसरा म्हणतो, डिप्रेशन आहे, कुणी काही बोलू नका. परिणाम असा की त्याच वागण्याला एकाकडून शिक्षा मिळते आणि दुसऱ्याकडून सूट.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. किशोरवयातलं नैराश्य रडकंच असतं असं नाही. निदानाच्या निकषांत या वयासाठी उदासीच्या जागी सततची चिडचिडही धरली जाते. जवळपास रोज, निदान दोन आठवडे, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता, थकवा, निरुपयोगी वाटणं यांतली लक्षणं. उद्धट-विरोधी वर्तनाचा विकार (सतत चिडणं, वाद घालणं, मुद्दाम विरोध करणं) म्हणायला मात्र ते वागणं किमान सहा महिने चाललेलं असावं लागतं, आणि नुसती भावंडांशी भांडणं त्यात मोजत नाहीत. विरोधी वागणं फक्त नैराश्याच्या काळातच दिसत असेल, तर या विकाराचं वेगळं निदान लावायचंच नसतं.

म्हणून पहिला प्रश्न, ‘हे कधीपासून?’ सातव्या वर्षापासून हट्टी आणि वर्षभरापासून खचलेलं मूल वेगळं. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत नीट वागणारं आणि आता अंगावर येणारं मूल वेगळं. दुसऱ्याचं नैराश्य उतरलं की उद्धटपणाही बराचसा उतरतो. पहिल्याला नैराश्य आणि वागणं, दोन्हींवरचे उपचार एकत्र लागतात. डॉक्टरांकडच्या त्याच बैठकीत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), अभ्यासातली अक्षमता, शाळेतला छळ, नशा, थायरॉइड आणि रक्तक्षय यांचाही विचार झाला पाहिजे. घराण्यात बायपोलर आजार (कधी टोकाचा उत्साह, कधी नैराश्य) असेल तर तो न विचारता सांगा, औषध निवडताना त्याने फरक पडतो.

आता शिक्षेबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मोबाइल बंद, खेळ बंद, मित्र बंद, महिनाभर. नैराश्याच्या उपचाराचा गाभा असतो बंद पडलेल्या गोष्टी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करणं. मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही, रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करायची. आपण शिक्षा म्हणून नेमकं तेच काढून घेतो. शिवाय तिसऱ्या दिवसापर्यंत पोराकडे गमावण्यासारखं काही उरत नाही आणि तुमच्याकडे काढून घेण्यासारखं. मोबाइल घ्यायचाच तर त्या संध्याकाळपुरता, सकाळी परत. झोप, जेवण, व्यायाम, मित्रांची भेट आणि समुपदेशन यांना शिक्षेत हात लावू नका.

नियम तीनच ठेवा. मारहाण-तोडफोड नाही, रात्री कुठे आहोत ते घरी माहीत हवं, औषध आणि भेटीची वेळ चुकवायची नाही. पसारा, केस, आवाजाचा सूर हे सध्या सोडून द्या. (हो, आवाजाचा सूरसुद्धा. सगळ्यात अवघड तेच जातं.) सूचना जवळ जाऊन, एका वेळी एकच, एकदाच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी दाखवलेलं चक्र घरोघरी चालतं: आपण सांगतो, ते ओरडतं, आपण जास्त ओरडतो, ते आणखी चढतं, शेवटी आपण माघार घेतो. आवाज चढवला की सुटका होते, हे त्यातून पक्कं होतं. माघार थांबवली की वागणं आधी आणखी बिघडतं. बहुतेक पालक त्याच आठवड्यात सोडून देतात आणि ‘हे उपाय चालत नाहीत’ म्हणतात.

कौतुक एका वाक्यात करा आणि विषय सोडा. ‘आज वेळेवर उठलास.’ पुढे ‘रोज असं केलंस तर?’ जोडलं की ते कौतुक राहत नाही.

मूल समुपदेशकाकडे यायला तयार नसेल, तर आईवडिलांनी आपली सत्रं सुरू करावीत. घरातल्या सूचना, शिक्षा आणि माघार बदलायला त्याची संमती लागत नाही.

गोळ्यांबद्दल. उद्धटपणाची गोळी नाही. मध्यम ते तीव्र नैराश्याला आहे, आणि या वयात सर्वांत चांगला पुरावा फ्लुओक्सेटिन या नैराश्यविरोधी औषधाचा आहे. किशोरवयीन नैराश्यावरच्या 2004 च्या टॅड्स या अमेरिकी अभ्यासात 439 मुलं होती. 12 आठवड्यांनी गोळी आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारं समुपदेशन) एकत्र घेणाऱ्यांपैकी 71 टक्के सुधारले, नुसत्या गोळीने 61, नुसत्या सीबीटीने 43, खोट्या (तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या) गोळीने 35. सुरुवात बहुधा 10 मिलिग्रॅमने होते, मग 20. फरक दिसायला चार ते सहा आठवडे. पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता, झोप उडणं, चिडचिड वाढली तर ‘आणखी शेफारलं’ म्हणून ओरडू नका, डॉक्टरांना फोन करा. नैराश्यविरोधी औषधांच्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं गोळी घेणाऱ्या मुलांत सुमारे 4 टक्के, खोटी गोळी घेणाऱ्यांत 2 टक्के दिसलं. म्हणून पहिला महिना दर आठवड्याला तपासणी हवी. बरं वाटल्यावरही सहा ते बारा महिने औषध चालतं, आणि मनाने अचानक बंद करायचं नसतं. रोजची गोळी मोठ्यांनी हातात द्यावी. घरातली सगळी औषधं आणि विषारी पदार्थ कुलपात.

भांडणात ‘मी मरतो मग’ आलं, तर ते नाटक आहे का हे ठरवत बसू नका. खचलेलं मन आणि उतावीळ स्वभाव एकत्र असले की विचार आणि कृती यांत फार वेळ जात नाही. वाद तिथेच थांबवा आणि थेट विचारा: मरण्याचे विचार येतात का, काही ठरवलंय का? विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. काही ठरवलं असेल तर एकटं सोडू नका, त्याच वेळी इस्पितळात न्या. तसं काही नसेल तरी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि ज्यावरून वाद सुरू झाला होता तो नियम दुसऱ्या दिवशी, शांतपणे, तसाच लागू ठेवा.