पाण्याखाली हवा अशी एकाएकी संपत नाही

स्कुबा डायव्हिंग करताना कुणी दगावलं आणि हवा संपल्याचं कळलं, की लोक हळहळतात आणि नशिबाला बोल लावतात. मला ते अजिबात पटत नाही. सिलिंडरमधली हवा श्वासागणिक कमी होत असते आणि किती उरली हे सांगणारा काटा, म्हणजे गेज, डायव्हरच्या अंगावरच एका नळीच्या टोकाला लटकत असतो. तरीही माणसं हवा संपून मरतात, कारण तो काटा वेळेवर पाहिला जात नाही. किंवा पाहिला तरी सांगितला जात नाही.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी 1992 ते 2003 या काळातल्या हौशी डायव्हरांच्या 947 मृत्यूंचा अभ्यास केला आणि तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या प्रकरणांत नेमकं कुठून बिनसलं हे कळू शकलं, त्यांतल्या 41 टक्के प्रकरणांत सुरुवात हवा कमी पडण्यापासून झाली होती. उपकरणातल्या बिघाडाचा वाटा होता 15 टक्के. शार्कची भीती घालणाऱ्या नातेवाइकांना मी हेच आकडे सांगते.

आता थोडं गणित. कंटाळू नका, कारण सगळी गोम इथेच आहे. 12 लिटरचं सिलिंडर 200 बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण जमिनीवरच्या हवेचा दाब) भरलं की त्यात 2400 लिटर हवा मावते. जमिनीवर तुम्ही मिनिटाला 20 लिटर घेत असाल, तर 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट म्हणून 40 लागते आणि 30 मीटरवर चौपट, म्हणजे 80. 10 मीटरवर तासभर पुरलेली हवा 30 मीटरवर 30 मिनिटांत खलास, तीही शेवटच्या थेंबापर्यंत वापरली तर. प्रवाहाविरुद्ध पोहलात, थंडी वाजली, घाबरलात, की आणखी लवकर.

बोटीवर सरसकट सांगतात, '50 बार उरले की सांगा, मग वर जाऊ.' उथळ पाण्यात ठीक आहे. पण 30 मीटरवर तुमच्या बडीची, म्हणजे जोडीदार डायव्हरची, हवा संपली आणि तो तुमच्या ऑक्टोपसवर, म्हणजे श्वास घ्यायच्या जादा तोंडावर, आला, तर काय होईल ते पाहा. दोघंही घाबरलेले, म्हणजे प्रत्येकी मिनिटाला 40 लिटरचा हिशोब धरा. दोघांचे मिळून 80, आणि त्या खोलीवर त्याचे होतात 320. एकमेकांना धरून सावरण्यात एक मिनिट जातं, तिथेच 320 लिटर संपले. मग मिनिटाला 10 मीटरच्या वेगाने वर यायला तीन मिनिटं, सरासरी दाब अडीच पट, म्हणजे आणखी 600. एकूण 920 लिटर. आणि 50 बारमध्ये असतात 600! वर येताना सुरक्षेसाठी घ्यायचा पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा मी यात धरलेलाच नाही. म्हणून 50 बार हा पृष्ठभागावर पोहोचल्यावर शिल्लक असायचा आकडा आहे, तळाशी बसून वाट पाहायचा नाही. कोर्समध्ये हे गणित प्रत्येकाकडून कागदावर करून घ्यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

हवा संपल्यावर माणूस अनेकदा नुसता गुदमरून मरत नाही. तो वर सुसाट सुटतो, श्वास रोखून. 10 मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटतं, बुडबुडे रक्तातून मेंदूत जातात. मृत सापडलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या कमरेला वेट बेल्ट, म्हणजे खाली जाण्यासाठी बांधलेला वजनांचा पट्टा, तसाच असतो. बक्कल ओढायचं भानच राहत नाही. आणि एक गोष्ट फार कमी जणांना नीट शिकवली जाते. खाली रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं तोंडातलं उपकरण, कोरडा पडला तरी तो तोंडातून काढायचा नाही. वर येताना बाहेरचा दाब उतरतो आणि त्याच सिलिंडरमधून एखाद-दुसरा श्वास आणखी मिळू शकतो.

पण गणितापेक्षा मला जास्त छळते ती लाज. एका डाइव्हवर गाइडने बोटांनी विचारलं, सगळं ठीक? माझ्या शेजारच्या गृहस्थांनी अंगठा-तर्जनी जोडून 'ठीक' दाखवलं. मी त्यांचा गेज हातात घेऊन पाहिला, तर काटा तांबड्या पट्ट्यात. आम्ही लगेच वर निघालो. बोटीवर ते म्हणाले, 'माझ्यामुळे सगळ्यांची डाइव्ह बुडाली असती हो.' ज्याची हवा लवकर संपते त्याला चिडवायची जी पद्धत आहे ना, ती बंद करा. धिप्पाड माणसाला जास्त हवा लागते, नवख्याला जास्त लागते. त्यात कमीपणा कसला? छातीवर मूठ ठेवून 'माझी हवा कमी आहे' असं सांगणारा माणूस अख्ख्या ग्रुपवर उपकार करत असतो.

थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 2018 साली मुलं अडकली होती, आठवतं? पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्करांचे अभियंतेही मदतीला गेले होते. 6 जुलैला तिथे समन कुनानचा मृत्यू झाला. थायलंडच्या नेव्ही सील या नौदलाच्या विशेष पथकातला माजी जवान, अंगापिंडाने कसलेला. इतरांसाठी हवेची सिलिंडरं आत ठेवून परतताना त्याची स्वतःची हवा अपुरी पडली, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. गुहेत डोक्यावर खडक असतो, सरळ वर येता येत नाही. म्हणून गुहेत उतरणारे हवेचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक संकटासाठी राखतात. समनने जे केलं ते जीव वाचवायला केलं, त्याला बोल लावायची माझी छाती नाही. पण इतका तयारीचा माणूस जिथे जीव गमावतो, तिथे चार दिवसांचा कोर्स केलेल्यांनी किती जपायला हवं?

तारकर्लीला नाहीतर गोव्यात ग्रँड आयलंडला पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्यांना मी घाबरवत नाहीये. ती डाइव्ह उथळ असते, इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो, तुमचा काटाही तोच पाहतो. माझी काळजी त्यानंतरची आहे. कोर्स करून डायव्हरचं कार्ड हातात पडतं, मग अंदमान, मालदीव, 30 मीटर, आणि काटा पाहायची सवय लागलेलीच नसते.

तेव्हा बोटीवरून उडी मारण्याआधी गेजकडे पाहत रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घ्या. श्वास घेताना काटा खाली झुकत असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, लगेच दाखवा. गाइडला विचारा, किती बारला परत फिरायचं? बडीला विचारा, तुझा ऑक्टोपस कुठे आहे? उत्तर धड मिळालं नाही, तर पैसे गेले तरी चालतील, त्या दिवशी उतरू नका. आणि तुम्ही स्वतः ग्रुप नेत असाल, तर 'ठीक आहे ना' एवढंच विचारू नका. प्रत्येकाकडून आकडा मागा.