गोळी चालू केली, पण बंद कधी करायची?

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामेबहिणीने विचारलं, डॉक्टरांनी माझ्या ९ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाला रिस्पेरिडोन (अँटिसायकोटिक, म्हणजे मुळात गंभीर मानसिक आजारांवरच्या औषधांपैकी एक) लिहून दिलंय, देऊ का? अर्ध्या तासात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे अजिबात देऊ नकोस, पोरगं दिवसभर गुंगीत राहील. दुसरी म्हणे डॉक्टरांना कळत नाही का, दे, बोलायलाही लागेल. मी रात्री उशिरापर्यंत सगळं वाचत बसले, कारण माझा मुलगा पण ऑटिस्टिक आहे, आता १३ चा, आम्ही इंग्लंडमधे राहतो आणि हेच औषध त्यानेही घेतलंय.

बोलायला लागेल हे आधी डोक्यातून काढा प्लीज. अमेरिकेत २००६ ला रिस्पेरिडोनला (वय ५ ते १६) आणि २००९ ला त्याच गटातल्या अरिपिप्राझोलला (६ ते १७) ऑटिस्टिक मुलांसाठी मान्यता मिळाली ती चिडचिड, मारामारी, स्वतःला इजा करून घेणं यासाठी. बोलण्यासाठी नाही, मिसळण्यासाठी नाही. इकडच्या नाइसची (उपचारांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) २०१३ ची गाइडलाइन तर सरळ सांगते की ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी अँटिसायकोटिक वापरू नका, डिप्रेशनची आणि फिटची औषधंही नकोत.

पण पहिल्या पार्टीचंही सगळं खरं नाही. २००२ च्या एका मोठ्या ट्रायलमधे १०१ मुलं होती, रिस्पेरिडोनवाल्या मुलांचा त्रास ८ आठवड्यांत खूपच कमी झाला, आणि त्याच ८ आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी २.७ किलो वाढलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं ०.८. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

माझा मुलगा ९ चा असताना मुठीने स्वतःच्या जबड्यावर मारायचा, गाल काळानिळा व्हायचा. थेरपीची वेटिंग लिस्ट वर्षाच्या वर, म्हणून तोवर औषध. इथे परदेशात सगळं बरं असतं असं वाटणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा. पण डॉक्टरांच्या पत्रात लिहिलेलं होतं औषध कशासाठी, ३-४ आठवड्यांनी तपासणी, ६ आठवड्यांत ठळक फरक नसेल तर बंद. मी कॅलेंडरवर रोज रेघा मारायला लागले, एक बुक्की एक रेघ. तीसवरून बारावर आल्या. वजन तीन किलो वाढलं आणि रात्री दोनला उठून तो फ्रिज उघडायला लागला.

मग एकदा व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, अगं हा एकाच बाजूने चावतोय बघ. दाढ किडली होती. जबड्यावर का मारतोय हे आधी कोणी विचारलंच नव्हतं, डॉक्टरांनी नाही आणि मीसुद्धा नाही. दाढेचं काम झालं, दोन आठवड्यांत रेघा दोन-तीनवर आल्या, मग डॉक्टरांनी डोस हळूहळू कमी करत औषध थांबवलं (स्वतःच्या मनाने एकदम बंद कधीच करायचं नाही).

म्हणून मला वाटतं ग्रुपवरचं भांडणच चुकीच्या जागी चाललंय. गोळी चांगली की वाईट हे नंतर, आधी मुलाला कुठे दुखतंय का बघा, दात, कान, पोट साफ होतं का, झोप, शाळेत काही बदललंय का. जे मूल सांगू शकत नाही ते मारूनच सांगतं. यात आपल्याकडे मुलावर आजी, मावशी, काका असे चार डोळे जास्त असतात, इथे आम्ही दोघंच. आपल्याकडे मला कमी दिसतो तो कागद. बहिणीच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि डोस एवढंच होतं, कशासाठी, कधीपर्यंत, वजन कधी करायचं, काही नाही. आणि कागद नुसता असून चालत नाही, इंग्लंडमधेच २०१५ ला अंदाज निघाला की लर्निंग डिसॅबिलिटी (बौद्धिक अक्षमता) असलेली ३० ते ३५ हजार प्रौढ माणसं रोज अँटिसायकोटिक किंवा डिप्रेशनची अशी औषधं घेतायत ज्यांचा आजारच त्यांना नाही. त्यावर २०१६ ला अशी नको असलेली औषधं थांबवायला स्टॉम्प नावाची मोहीम काढावी लागली, नंतर तशीच मुलांसाठी स्टॅम्प. लहानपणी चालू झालेली गोळी कोणी परत बघितलीच नाही की असं होतं.

बहिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ताई, एवढं विचारलं तर डॉक्टर चिडतील. म्हटलं चिडू देत, पण सहा आठवड्यांनंतरची तारीख चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस.