सगळे दिवे हिरवे ठेवण्याची रीत

अभिनंदन साहेब! विभागाच्या संगणक प्रकल्पांवर देखरेख ठेवायचे काम आता तुमच्याकडे. घाबरू नका. भिंतीवरच्या डॅशबोर्डवर सगळे दिवे हिरवे दिसले की देखरेख झाली, आणि ते हिरवे ठेवणे सोपे आहे.

यूएटीवर, म्हणजे यंत्रणा स्वीकारण्याआधी वापरकर्त्यांनी करायच्या चाचणीवर, सही मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच करावी. निधी परत जाण्याच्या धास्तीने तेव्हा चुका काढत कोणी बसत नाही. उरलेल्या त्रुटी ‘दुसऱ्या टप्प्यात’ ढकलाव्यात. त्याची निविदा निघेपर्यंत तुमची बदली झालेली असेल.

आता एसएलए, म्हणजे कंत्राटदाराशी केलेला सेवेच्या दर्जाचा करार. करारात ९९.५ टक्के उपलब्धता लिहिली, तर ३० दिवसांच्या महिन्यात यंत्रणा फक्त ३ तास ३६ मिनिटे बंद राहू शकते. हे फारच जाचक. म्हणून ‘पूर्वनियोजित देखभाल’ त्यातून वगळावी आणि कोणता बंद पूर्वनियोजित होता, हे कंत्राटदाराला मागाहून ठरवू द्यावे. मोजणीही त्याच्याच साधनाने घ्यावी. ते फक्त सर्व्हर चालू आहे का एवढे बघते. अर्ज भरून पावती निघते का, हे दर पाच मिनिटांनी तपासणारी स्क्रिप्ट लावलीत, तर देयकातून दंड कापावा लागेल आणि नस्ती उगाच जाड होईल.

सुरक्षा परीक्षण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडूनच करून घ्यावे, मात्र चाचणी सर्व्हरचे. प्रमाणपत्र आले की कोड खुशाल बदलावा. लॉग, म्हणजे यंत्रणेत कोणी कधी काय केले त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवा, असे सर्ट-इनचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. ठेवा की! त्याच सर्व्हरवर, त्याच ॲडमिन पासवर्डखाली. घुसखोराला ते पुसायला लांब जावे लागू नये. घुसखोरीसारखी घटना निदर्शनास आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायची असते, म्हणून ती नेमकी कधी निदर्शनास आली हे ठरवायला आधी समिती नेमावी.

बॅकअप रोज घ्यावा. रिस्टोअर करून बघण्याचा अपशकुन करू नये.

आणि डेटा तर मुळीच तपासू नका. आयुष्मान भारत योजनेत ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे ९९९९९९९९९९ हा एकच मोबाइल क्रमांक असल्याचे कॅगने २०२३ च्या अहवालात दाखवले. एक क्रमांक किती नोंदींवर आहे, हे सांगणारी क्वेरी दोन-तीन ओळींची असते. पण ती चालवायला सांगणाऱ्यालाच पुढे खुलासा लिहावा लागतो. सरकारचे उत्तर मात्र नमुना म्हणून जपून ठेवा: पडताळणी आधारने होते, मोबाइल क्रमांक फक्त संपर्कासाठी. तशी वेळ आलीच, तर एका फोनमध्ये साडेसात लाखांचे काम उरकते.